पंधरा दिवस नव्हे, चौदा

वाचकांचे प्रश्न : परदेशातला कायदा

या अंकासाठी निवडलेले सगळे प्रश्न जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या खालच्या कोर्टांचे आणि तिथल्या अपिलांचे आहेत. ओघात ऑस्ट्रियाचाही उल्लेख आला आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इथे आलेलं स्वित्झर्लंडमधलं झुरिक, तिन्हीकडे कोर्टाची भाषा जर्मन असली, तरी कायदा आणि मुदती वेगळ्या आहेत. एकाचा नियम दुसऱ्याला लावू नका.

प्रश्न : मुलगा जर्मनीत शिकतो. दिवाळीला तीन आठवडे नागपूरला आला होता. परत गेला तर पत्रपेटीत कोर्टाचं पिवळं पाकीट. बिनतिकीट प्रवासाबद्दल ३० दिवसांचा दंड, दिवसाला २५ युरो, असं आत लिहिलं आहे. तो म्हणतो, "बाबा, ही पावतीच आहे, भरून टाकतो." पंधरा दिवसांत अपील करता येतं असं कुणी सांगितलं. काय करावं? — एक वाचक, धरमपेठ

उत्तर : ही पावती नाही. याला श्ट्राफबेफेल म्हणतात. सरकारी वकिलाच्या अर्जावरून आम्ट्सगेरिख्त, म्हणजे सगळ्यात खालचं कोर्ट, सुनावणी न घेता कागदावरच शिक्षा ठरवतं. मुदतीत हरकत घेतली नाही तर या कागदाला कोर्टाच्या निकालाचंच बळ येतं. रक्कम भरली म्हणून गुन्हा पुसला जात नाही.

आता मुदत. आपण मराठीत दोन आठवड्यांना सहज 'पंधरा दिवस' म्हणतो, आणि नेमका तिथेच घात होतो. मुदत दोन आठवड्यांची, म्हणजे चौदा दिवसांची आहे. पाकीट मंगळवारी ३ तारखेला पोचलं, तर मुदत मंगळवारी १७ तारखेच्या मध्यरात्री संपते. शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा सुट्टीचा आला, तरच ती पुढच्या कामाच्या दिवसावर जाते. सुट्ट्याही राज्यागणिक बदलतात.

पाकीट फेकू देऊ नका. पिवळ्या पाकिटावर पोस्टमन स्वतः तारीख लिहितो आणि मुदत त्या तारखेपासून धावते. मुलाने ते कधी उघडलं याला महत्त्व नाही. घरी कुणी नसेल तर पोस्टमन पाकीट पत्रपेटीत टाकतो, आणि कायद्याने तेवढ्यावर बजावणी पूर्ण होते. पाकिटाचा आणि आतल्या प्रत्येक पानाचा फोटो आजच मागवून घ्या.

तारखेपासून चौदा दिवस उलटले नसतील तर हरकत, म्हणजे आइनश्प्रुख, सोपी आहे. जर्मनमध्ये दोन ओळी पुरतात : खटल्याचा क्रमांक, "या आदेशाविरुद्ध हरकत घेत आहे", सही. कारणं द्यावी लागत नाहीत. पत्र मुदतीच्या आत कोर्टात पोचलेलं असावं लागतं, नुसतं पोस्टात पडून भागत नाही. साधा ई-मेल चालत नाही. मुलाने कोर्टाच्या पेटीत स्वतः टाकावं किंवा काउंटरवर देऊन प्रतीवर शिक्का घ्यावा.

चौदा दिवस उलटले असतील तर 'पूर्वस्थितीत आणण्याचा' अर्ज करता येतो. हा आपल्याकडच्या विलंबमाफीच्या अर्जाचा भाऊ आहे, पण स्वभावाने बराच कडक. फौजदारीत अडथळा दूर झाल्यापासून, इथे पाकीट हाती आल्यापासून, फक्त एक आठवडा मिळतो. त्याच आठवड्यात मूळ हरकतही दाखल करावी लागते. आधी माफी मागू, हरकत मग बघू, असं केलंत तर दोन्ही जातात. काही आठवड्यांच्या सुट्टीत घर बंद होतं हे कारण सहसा मानलं जातं, पण पुरावा लागतो. विमानाची तिकिटं आणि बोर्डिंग पास जोडा. मुलाला जर्मन पुरेसं येत नसेल आणि आदेशासोबत भाषांतर नसेल, तर हा मुद्दा वकिलाला पहिल्या भेटीतच सांगा.

हरकत घ्यावी का, हा खरा प्रश्न. इथे एक धोका आहे. आरोपीनेच अपील केलं असेल तर वरचं कोर्ट शिक्षा वाढवत नाही, हे जर्मन अपिलाचं तत्त्व श्ट्राफबेफेलवरच्या हरकतीला लागू होत नाही. सुनावणी झाली तर न्यायाधीश ३० चे ४० दिवसही करू शकतात. सुनावणीला मुलगाही गेला नाही आणि वकीलही गेला नाही, तर हरकत तिथेच फेटाळली जाते.

तुमच्या पत्रावरून आम्हाला मधली वाट योग्य वाटते. दिवसाचा दर साधारणपणे महिन्याच्या निव्वळ उत्पन्नाचा तिसावा भाग असतो. २५ युरो दर म्हणजे कोर्टाने महिन्याला ७५० युरो धरले. मुलाचे प्रत्यक्षात ५०० असतील तर दर १७ च्या आसपास यायला हवा. गुन्हा मान्य असेल तर हरकत 'फक्त दराच्या रकमेपुरती' घेता येते. मग मुलाच्या आणि सरकारी वकिलाच्या संमतीने कोर्ट सुनावणीशिवाय आदेश देऊ शकतं, आणि त्या आदेशात रक्कम वाढवता येत नाही. बँकेचा उतारा आणि शैक्षणिक कर्जाचा कागद सोबत जोडावा.

९० दिवसांपर्यंतची एकच शिक्षा नेहमीच्या सद्वर्तन दाखल्यात दिसत नाही. मात्र परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला पूर्ण नोंदवही दिसते, म्हणून व्हिसा वाढवण्याच्या अर्जात ती लपवू नये.

प्रश्न : मी कायद्याचा विद्यार्थी आहे. आपल्याकडे दिवाणी न्यायाधीश, मग सिव्हिल लाइन्समधलं जिल्हा न्यायालय, मग उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, असा जिना कळतो. जर्मनीत पहिलं आणि दुसरं अपील कसं असतं? — महाल

उत्तर : दिवाणीत दोन दारं आहेत. लहान दावे आम्ट्सगेरिख्तमध्ये एकट्या न्यायाधीशासमोर जातात. ही मर्यादा कित्येक वर्षं ५,००० युरो होती, १ जानेवारी २०२६ पासून ती १०,००० झाली. त्यावरचे दावे लांडगेरिख्तमध्ये, म्हणजे एक पायरी वरच्या कोर्टात. घरभाड्याचे वाद मात्र रक्कम कितीही असो, आम्ट्सगेरिख्तकडेच. लांडगेरिख्तमध्ये वकील सक्तीचा आहे.

पहिलं अपील म्हणजे बेरूफुंग. आम्ट्सगेरिख्तच्या निकालावर ते लांडगेरिख्तमध्ये जातं, आणि लांडगेरिख्तच्या मूळ निकालावर ओबरलांडेसगेरिख्तमध्ये, म्हणजे राज्याच्या वरिष्ठ कोर्टात. बर्लिनमध्ये या शेवटच्या कोर्टाचं जुनं नाव टिकून आहे, कामरगेरिख्त. संपूर्ण निकालाची प्रत बजावल्यापासून एक महिन्यात अपील, आणि त्याच बजावणीपासून दोन महिन्यांत कारणमीमांसा. हे दोन महिने अपील दाखल केल्यापासून मोजणारे फसतात. एक महिना म्हणजे ३० दिवस नव्हेत हेही लक्षात घ्या. ३१ जानेवारीला बजावणी झाली तर मुदत फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी संपते. कारणमीमांसेला वेळ हवा असेल तर सबळ कारण दाखवून समोरच्याच्या संमतीशिवाय एक महिन्यापर्यंत वाढ मिळू शकते, पण अर्ज मुदत संपण्याआधी पोचला पाहिजे.

अपील वरच्या कोर्टातच दाखल करायचं. चुकून खालच्या कोर्टाकडे पाठवलं तर ते वर रवाना होतं, पण नेहमीच्या टपालाच्या चालीने. वर पोचायला उशीर झाला तर अपील गेलं. अगदी लहान रकमेच्या निकालावर खालच्या कोर्टाने परवानगी दिली तरच अपील होतं. जुनी ६०० युरोंची मर्यादाही आता वाढवली आहे.

आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ च्या पहिल्या अपिलाशी याची तुलना करताना जपून करा. आपल्याकडे पहिल्या अपिलात वस्तुस्थिती आणि कायदा दोन्ही पुन्हा उघडतात. जर्मनीत २००२ पासून अपील कोर्ट खालच्या कोर्टाने ठरवलेली वस्तुस्थिती धरूनच चालतं. तिच्याबद्दल ठोस शंका दाखवावी लागते. निष्काळजीपणाने आधी न मांडलेला पुरावा अपिलात सहसा घेत नाहीत. "वर गेल्यावर बघू" म्हणून साक्षीदार राखून ठेवणाऱ्याचं तिथे काही चालत नाही.

अपिलात दम नाही असं न्यायाधीशांचं एकमत झालं तर सुनावणी न घेता, नुसत्या आदेशाने अपील फेटाळता येतं. त्याआधी कोर्ट लेखी इशारा देतं. हा इशारा आला की वकील बहुधा अपील मागे घ्यायला सांगतात, आणि ते घाबरट म्हणून नव्हे. मागे घेतलं तर अपिलाची कोर्ट फी मूळ दराच्या चार पटींवरून दोन पटींवर येते.

दुसरं अपील म्हणजे रेव्हिजियोन, कार्ल्सरूहच्या बुंडेसगेरिख्त्सहोफमध्ये, म्हणजे दिवाणी-फौजदारीच्या सर्वोच्च कोर्टात. आपल्या कलम १०० सारखं ते फक्त कायद्याच्या मुद्द्यावर असतं आणि परवानगी लागते. दिवाणीत तिथे उभे राहण्याचा अधिकार अगदी मोजक्या, वेगळ्याने नेमलेल्या वकिलांना आहे. तुमचा म्युनिकचा वकील कितीही हुशार असला तरी तिथे दुसरा वकील करावाच लागतो.

फौजदारीत एक गोष्ट आपल्याला उलटी वाटते, आणि वाटायलाच हवी. लहान गुन्ह्याचा निकाल आम्ट्सगेरिख्तने दिला, तर लांडगेरिख्तमध्ये बेरूफुंग होतं. तिथे साक्षीपुरावा नव्याने घेतात. त्यानंतर ओबरलांडेसगेरिख्तमध्ये रेव्हिजियोन. म्हणजे दोन संधी. खुनासारखा गुन्हा मात्र थेट लांडगेरिख्तच्या मोठ्या पीठासमोर चालतो, आणि त्यावर वस्तुस्थितीचं अपील नाहीच, फक्त कायद्याच्या चुकीवर रेव्हिजियोन. याचं समर्थन असं करतात की मोठ्या पीठात अनेक न्यायाधीश आणि दोन बिगरवकील नागरिक बसतात, त्यामुळे तपासणी पहिल्याच फेरीत पक्की होते. आम्हाला हे समर्थन अपुरं वाटतं. जन्मठेपेच्या शिक्षेत साक्षीदारावर कोर्टाने का विश्वास ठेवला, हे दुसऱ्या कुणीतरी नव्याने तपासायला हवं. फौजदारी अपिलाची मुदतही दिवाणीपेक्षा कितीतरी आखूड आहे : निकाल सुनावल्यापासून एक आठवडा. आणि इथे अपील निकाल देणाऱ्या कोर्टातच द्यायचं, दिवाणीच्या नेमकं उलट.

ऑस्ट्रियात आणखी घाई आहे. तिथे फौजदारी अपील करणार असल्याची नुसती सूचना निकालापासून तीन दिवसांत द्यावी लागते. कारणमीमांसेसाठी नंतर, लेखी प्रत मिळाल्यापासून चार आठवडे मिळतात. दिवाणीत मुदत चार आठवडे, अपील खालच्याच कोर्टात द्यायचं, आणि नवी वस्तुस्थिती जवळपास पूर्ण वर्ज्य.

प्रश्न : धाकटा भाऊ झुरिकला नोकरीला होता, आता नागपूरला परतला. घरमालकाशी १२,००० फ्रँकचा वाद होता. कोर्टाचा दोन पानांचा निकाल आला आहे, त्यात कारणंच नाहीत. वकील म्हणतो रेव्हिजियोन करता येणार नाही. मग अपील संपलं का? — प्रतापनगर

उत्तर : संपलेलं नाही, पण दहा दिवसांत संपेल. स्वित्झर्लंडमध्ये कोर्ट कारणांशिवाय फक्त निर्णयाचा भाग देऊ शकतं. तो मिळाल्यापासून दहा दिवसांत "लेखी कारणं द्या" अशी मागणी करावी लागते. केली नाही तर अपिलाचा हक्क सोडला असं कायदा समजतो. दुसऱ्या पानाच्या तळाशी ही सूचना असते. गप्प बसून पूर्ण निकालाची वाट पाहणारे इथेच हरतात.

मागणी केल्यावर कारणांसहित निकाल येतो. त्यापासून ३० दिवसांत बेरूफुंग, झुरिक कँटनच्या, म्हणजे तिथल्या राज्याच्या, ओबरगेरिख्त या वरच्या कोर्टात. जर्मनीसारखा कारणमीमांसेला वेगळा महिना नाही. त्याच ३० दिवसांत सगळं लिहून द्यायचं. बेरूफुंगसाठी वाद किमान १०,००० फ्रँकचा हवा. तुमचा १२,००० चा आहे, म्हणून दार उघडं आहे. त्याहून कमी असता तर बेश्वेर्ड नावाचा अरुंद मार्ग उरला असता, ज्यात वस्तुस्थिती उघड उघड चुकीची असल्याशिवाय तिला हात लावत नाहीत. त्यापुढे लोझानचं बुंडेसगेरिख्त, म्हणजे स्विस सर्वोच्च कोर्ट, भाड्याच्या वादात साधारणपणे १५,००० फ्रँकपासून वरचंच प्रकरण घेतं, तेव्हा ओबरगेरिख्त हाच तुमचा शेवटचा मुक्काम समजून तयारी करा.

वकिलाचं म्हणणं बरोबर आहे. रेव्हिजियोन हा शब्द जर्मनीत कायद्याच्या मुद्द्यावरच्या अपिलासाठी आहे. स्वित्झर्लंडमध्ये तोच शब्द संपलेला खटला नव्या पुराव्यामुळे पुन्हा उघडण्यासाठी वापरतात. जर्मनीविषयीचं वाचून स्विस वकिलाशी बोलायला गेलं की हा घोळ होतो.

भाऊ नागपुरात असल्यामुळे टपालाचा नियम फार महत्त्वाचा आहे. स्वित्झर्लंडमध्ये शेवटच्या दिवशी कागद स्विस पोस्टाकडे दिला तरी मुदत पाळली जाते. पण इथल्या जीपीओतून केलेलं स्पीड पोस्ट म्हणजे स्विस पोस्ट नव्हे. आपलं टपाल स्विस पोस्टाच्या हातात पडेल ती तारीख धरतात. सोय एक आहे : कागद मुंबईच्या स्विस वाणिज्य दूतावासात किंवा दिल्लीच्या दूतावासात मुदतीच्या आत दिला तरी चालतो. पोच घ्यायला विसरू नका. नाहीतर तिथल्या वकिलाला अधिकारपत्र द्या.

१५ जुलै ते १५ ऑगस्ट, १८ डिसेंबर ते २ जानेवारी आणि ईस्टरच्या आधी-नंतरचे सात-सात दिवस कोर्टाची सुट्टी असते. नेहमीच्या दाव्यात तेवढ्या काळात मुदत थांबते, तडकाफडकी प्रक्रियेत थांबत नाही. म्हणून सुट्टीवर विसंबण्याआधी तुमचं प्रकरण कोणत्या प्रक्रियेत आहे हे वकिलाकडून लेखी विचारून घ्या.

प्रश्न : जर्मनीचा स्टुडंट व्हिसा नाकारला. ताईच्या वेळी दूतावासालाच फेरविचाराचं पत्र लिहिलं होतं आणि व्हिसा मिळाला होता. आताही तसंच करू का? — खामला

उत्तर : ताईचा मार्ग आता बंद आहे. फेरविचाराची ती सोय जर्मनीने १ जुलै २०२५ पासून जगभर काढून टाकली. आता दोनच वाटा : नवा अर्ज, किंवा बर्लिनच्या फेरवाल्टुंग्सगेरिख्तमध्ये, म्हणजे प्रशासकीय कोर्टात, दावा. नकार मुंबईहून आला तरी दावा बर्लिनलाच, कारण प्रतिवादी तिथलं परराष्ट्र खातं असतं.

नकाराचं पत्र मिळाल्यापासून एक महिना. पत्रात दाद मागण्याची सूचनाच नसेल किंवा ती चुकीची असेल तर एक वर्ष. दावा जर्मनमध्ये हवा. या पायरीवर वकील सक्तीचा नाही. परदेशात राहणाऱ्याला कोर्ट जर्मनीतला कागद घेणारा माणूस नेमायला सांगू शकतं, तेव्हा तिथल्या एखाद्या ओळखीच्याला आधीच विचारून ठेवा.

आमचं मत स्पष्ट आहे. कागद कमी पडले, पैशांची सोय नीट दाखवली नाही, अशा कारणांनी नकार आला असेल तर तो कागद पूर्ण करून नवा अर्ज करा. दावा चालेपर्यंत तुमचं सत्र निघून जाईल. कोर्टात जायचं ते अधिकाऱ्याने कायदा चुकीचा लावला असेल तेव्हा. तिथे हरलात तर पुढच्या कोर्टात थेट अपील नसतं, आधी अपिलाच्या परवानगीचा अर्ज करावा लागतो आणि तिथून वकील सक्तीचा होतो.

प्रश्न : जर्मनीत कंपनीने ई-मेलवर नोकरीवरून काढलं. किती दिवसांत कोर्टात जाता येतं? — मानेवाडा

उत्तर : कागदावर, हाताच्या सहीनिशी दिलेली नोटीसच जर्मनीत वैध. ई-मेल पुरत नाही. तरी कामगार कोर्टात लगेच जा. कागदी नोटीस आली की तीन आठवड्यांत दावा करावा लागतो, नाहीतर बेकायदा नोटीसही कायदेशीर ठरते. पहिल्या कोर्टात जिंकलात तरी आपल्या वकिलाचा खर्च आपलाच असतो, हे धरून चाला. वकील न करता, कोर्टाच्या अर्ज लिहून घेणाऱ्या खिडकीवरही दावा देता येतो.

प्रश्न : नवऱ्याने जर्मनीत घटस्फोट घेतला. आमचं लग्न नागपूरला हिंदू पद्धतीने झालं. मी इथे माहेरी आहे. तिथल्या कोर्टाचा आदेश मिळाला, त्यावर अपील करावं का? — एक वाचक, लक्ष्मीनगर

उत्तर : ताई, आधी आदेश तुमच्या हाती आल्याची तारीख लिहून ठेवा. घटस्फोट आम्ट्सगेरिख्तच्या कौटुंबिक विभागात होतो आणि त्यावरच्या अपिलाला बेश्वेर्ड म्हणतात. मुदत एक महिना. ते आदेश देणाऱ्या आम्ट्सगेरिख्तमध्येच दाखल करायचं, पण कारणमीमांसा दोन महिन्यांत ओबरलांडेसगेरिख्तकडे पाठवायची. म्हणजे एकच अपील आणि पत्ते दोन. अनुभवी माणूसही इथे चुकतो. जर्मन वकील सक्तीचा आहे, आणि ऐपत नसेल तर कोर्टाच्या खर्चाने वकील मिळण्याचा अर्ज करता येतो. तो अर्जही त्याच एका महिन्यात, उत्पन्नाच्या कागदांसह द्या.

अपील करण्याआधी नागपूरच्या वकिलाला मात्र नक्की भेटा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ खाली परदेशी निकाल काही अटींवरच इथे मानला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ठरवलं आहे की ज्या कायद्याने लग्न झालं त्या कायद्याच्या कारणांवर घटस्फोट नसेल आणि पत्नीने त्या कोर्टाचा अधिकार मनापासून मान्य केला नसेल, तर सहसा तो निकाल इथे बांधत नाही. तुम्ही तिथे जाऊन काहीही न राखता पूर्ण बाजू मांडलीत, तर "अधिकार मान्य केला" असं नंतर म्हटलं जाऊ शकतं. म्हणून अपील करायचंच ठरलं तर पहिल्याच परिच्छेदात त्या कोर्टाच्या अधिकाराला हरकत नोंदवायला सांगा.

आदेशाच्या प्रतीवर अंतिमतेचा शिक्का आणि तारीख आहे का तेही पाहा. तो नसेल तर आदेश अजून अंतिम झाल्याची नोंद नाही. शिक्का असेल, आणि तुम्हाला आदेश मुळात बजावलाच गेला नव्हता असं तुमचं म्हणणं असेल, तर बजावणीच्या पावतीची प्रत आम्ट्सगेरिख्तकडून मागवा. पावतीवर सही कुणाची आहे ते आधी बघा.